अक्षरागणिक रकाना

सोसले हे व्यासराज मठाचं गाव. म्हैसूर जिल्ह्याच्या या मुलखात संस्कृत पोथी कन्नड लिपीत मिळते, नंदिनागरीत मिळते आणि ग्रंथ लिपीतही. अशी पोथी वाचणारा शास्त्री आणि नागरीवर वाढलेला पदवीधर यांना पोथ्या ताडून पाहण्याच्या एका कामाला वर्षानुवर्षं जुंपायचं, तर नुसत्या विद्वत्तेवर भागत नाही. माणसं नेमायची कशी, शिकवायची कशी, त्यांचं काम तपासायचं कुणी, हे आधी ठरवावं लागतं.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने ते ठरवलं होतं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला हा माणूस. त्यांच्या हाताखाली पाठभेद नोंदवणारी मंडळी कायम नोकरीवर होती: उत्तरेकडचे शास्त्री, दक्षिणेकडचे शास्त्री आणि विद्यापीठाचे पदवीधर. सगळ्यांना या कामाचं खास शिक्षण दिलेलं.

पाठभेद नोंदवायचा कागदही ठरलेला: फुलस्केप, त्यावर उभ्या-आडव्या रेघा आखलेल्या. सर्वांत वर गणपत कृष्णाजींच्या छापील मुंबई प्रतीतला श्लोक, ठळक, अक्षराअक्षराने. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ. पाठ वेगळा असेल तर तो नेमक्या त्या अक्षराखाली लिहायचा. उजवीकडे शेऱ्यांसाठी चार इंचांचा रकाना. पोथीतली दुरुस्ती, समासातली भर, जास्तीचा श्लोक, सगळं तिथे. भर फारच लांब असली तर वेगळं शोधपत्र जोडायचं. संपादकाच्या हाती जाण्याआधी हे सारं दुसऱ्याच मंडळींनी तपासायचं.

या शेवटच्या नियमाचं मोल फार मोठं आहे. पंडिताची चूक काढणं नाजूक काम. पण प्रत्येकाचाच कागद तपासला जाणार असेल, तर त्यात कुणाचा पाणउतारा होत नाही. आणि शेऱ्याचा रकाना मोकळा असल्यामुळे कनिष्ठाने टिपलेली गोष्टही थेट संपादकापर्यंत पोचते. आज बुद्धीच्या कामातल्या माणसांना वर्षाअखेरीस एकेकटं उभं करून श्रेणी देतात. त्या कागदावरचं श्रेय असं सुटं करताच आलं नसतं.

जबाबदारी मात्र नावानिशी वाटली होती. विराटपर्व रघुवीरांनी संपादलं, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी, सभापर्व अमेरिकेतल्या फ्रँकलिन एजर्टन यांनी. १९४३ च्या जानेवारीत सुकथनकर गेले, तेव्हा बरीच पर्वं व्हायची होती. श्रीपाद कृष्ण बेलवलकर, प. ल. वैद्य, रा. ना. दांडेकर यांनी काम पुढे नेलं आणि १९६६ साली संहिता पूर्ण झाली.