चोवीस फुटांचा संसार

स्वयंपाकघरात आणखी एक फळी हवी म्हणून वर्षभर मी ह्यांच्या मागे लागले होते. मग लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याची हकीकत वाचली नि गप्पच बसले!

यांचं घर म्हणजे जेमतेम २४ फुटांची शिडाची लाकडी बोट, ‘सेराफिन’. कॅलिफोर्नियात दोघांनी ती खपून बांधली आणि १९६८ मध्ये पाण्यात सोडली. इंजिन नाही, रात्री रॉकेलचे दिवे. पुढल्या वर्षी मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया किनाऱ्यानं दोघं दक्षिणेकडे निघाली. एका हाताला उघडेबोडके, वाळवंटी डोंगर, दुसऱ्या हाताला पॅसिफिक महासागर. अशा वाटेवर गोडं पाणी तुपासारखं वापरायचं. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची.

आपल्याला वाटतं, किनारा जवळ म्हणजे घोर नाही. खरं तर उलटच! भर समुद्रात वाऱ्यानं बोट ढकलली तरी मोकळी जागा असते, किनाऱ्याशी खडक. म्हणून एकानं निजायचं तेव्हा दुसऱ्यानं जागायचं. लॅरी निजला की शिडं, सुकाणू, होकायंत्र सारं लिनच्या हाती. तिला नुसता स्वयंपाक येऊन कसं भागणार? या बोटीवर त्यांनी सुमारे ११ वर्षं काढली, ती अशी.

फळीचं मी आता बोलत नाही. पण परवा रविवारी ह्यांना म्हटलं, “विम्याचे, बँकेचे कागद कुठे आहेत, ते आज मला समजावून सांगा.” हे हसले. “एकदम काय झालं?”

म्हटलं, “काही नाही. तुम्ही निजलात तर कुणीतरी जागं हवं ना!”