नितळ पाणी

आमच्या शिरपूरला बाहेरचे लोक ओळखतात ते अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे. एल राजाने इथल्या पाण्यात अंग धुतले, त्याचा त्वचारोग गेला आणि पुढे त्याच पाण्यातून मूर्ती मिळाली, ही आख्यायिका ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळे आमच्या गावच्या पाण्यात जीव वाचवण्याचा गुण आहे, अशी माझी भाबडी समजूत होती. गेल्या हिवाळ्यात आठ माशांनी ती मोडली. खरे तर दोष पाण्याचा नव्हताच. दोष घाईचा होता, आणि घाई माझी होती.

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे एकाच पाण्यावर मासे आणि भाजी जगवण्याची रीत. माशांचे पाणी खडीत लावलेल्या भाजीला द्यायचे आणि तिथून गाळून निघालेले परत माशांना. तेच पाणी फिरत राहते; उडून गेले वा झाडांनी प्यायले, तेवढेच वरून घालायचे. उन्हाळ्यात घागरी मोजणाऱ्या आमच्या भागात याची भुरळ न पडती तरच नवल! परसात ५०० लिटरची टाकी ठेवली. निळा पिंप उभा चिरून त्याच्या दोन्ही भागांत खडी भरली, पालक आणि पुदिना लावला. जुन्या कूलरचा पंप कामी आला. स्वच्छतेचा मला मोठा अभिमान! खडी तर धुऊन धुऊन लख्ख केली होती.

मग अकोल्याहून १२ गोल्डफिश आणले. पातूर-मालेगावमार्गे एस. टी.च्या धक्क्यांत पिशवी मांडीवर तान्ह्या बाळासारखी सांभाळली. दुकानदाराने सांगितले तसे सगळे केले. पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवली, आत थोडे थोडे टाकीचे पाणी घातले आणि मासे हलकेच सोडले. त्या रात्री घरात कुणी वेळेवर जेवले नाही. पुढचे काही दिवस तर कौतुकाचेच. येणारा-जाणारा चिमूटभर खाद्य टाकायचा, मी मूठभर टाकायचो.

आठवडा संपतासंपता मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. मला वाटले, भूक लागली. आणखी खाद्य टाकले! दुसऱ्या दिवशी दोन उलटे तरंगत होते. पंधरवड्यात आठ गेले. पाणी मात्र आरशासारखे नितळ.

शेजारच्या जैन आजी कुंपणापाशी उभ्या होत्या. टाकीकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, "तुले तं खायाच्याबी नव्हत्या ना रे पोरा? मंग मारल्या काहून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी नायट्रोजनचे चक्र शाळेत पाठ केले होते, त्यावर गुणही मिळवले होते. ते चक्र आमच्या परसात येऊन आठ जीव घेईल, हे पुस्तकात नव्हते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. कुजलेल्या खाद्यातूनही तोच निघतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. नायट्रेट हे झाडांचे अन्न. पण अमोनिया आणि नायट्राइट हे माशांना विषच. नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. मग पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. हे जिवाणू सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहूनही जास्त. मी घासून लख्ख केलेल्या टाकीत ती नव्हतीच. पाहुणे आले, पण घरात स्वयंपाक करणारे कुणी नाही, अशी गत!

तेव्हा आठवले, या आजी पाणी दुहेरी कापडातून गाळतात आणि कापडावर राहिलेले जीव परत विहिरीतच सोडतात. त्याला त्या जिवाणी म्हणतात. लहानपणी आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो. दिसत नाही त्याचा एवढा विचार कशाला, असे वाटायचे. आता माझ्या टाकीत न दिसणाऱ्यांवाचूनच दिसणारे मेले होते.

उरलेल्या चौघांचे खाद्य जवळजवळ बंद केले. रोज पाव टाकी पाणी बदलायचे, तेही नळाचे पाणी आदल्या रात्री बादल्यांत उघडे ठेवून. त्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून. शेतातल्या विहिरीजवळच्या जुन्या दगडी हौदातले बुळबुळीत गोटे ओल्या पोत्यात गुंडाळून आणले आणि खडीत पुरले. तपासणीचे औषध मागवून रोज पाण्याचा रंग पाहायचा आणि वहीत टिपायचा. आधी अमोनिया उतरला, मग नायट्राइट चढले, तेही उतरले. पिवळा पडलेला पालक हिरवा झाला. सातव्या आठवड्यात चारच नवे मासे आणले, आणि महिन्याभराने आणखी चार. एवढा धीर मी परीक्षेच्या निकालालाही धरला नव्हता.

आज टाकीत १२ मासे आहेत. आजी अधूनमधून येतात, मोजतात आणि काही न बोलता जातात. मेलेल्या आठांचा हिशेब त्यांनी सोडलेला नाही; मीही नाही.

परवा धाकटा भाऊ हातात ब्रश घेऊन खडीकडे निघाला. म्हणाला, "दादा, केवढी बुळबुळ झाली यावर! घासून काढू?"

मी धावत जाऊन त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला.