शब्दांत काढलेला नकाशा

कुंभार पिंपळगावच्या शाळेत भूगोलाच्या तासाला खुंटीवर महाराष्ट्राचा नकाशा चढायचा. वरखाली काठ्या, गुंडाळून गुंडाळून झिजलेल्या कडा. त्यात गोदावरीची निळी रेघ होती, पैठण होतं, गाव नव्हतं. गुरुजी पैठणच्या उजवीकडं बोट टेकवून म्हणायचे, ‘आपण इथं.’

आजीचा हिशेब वेगळा. शेतावर कुणाला पाठवायचं तर ती सांगे, “पांदीनं उगवतीला जाय, वढा वलांडला की चिंचंखालचा धुरा आपला.” पुढं वाटणीच्या वेळी सरकारी गावनकाशा पाहिला. शीव होती, गट नंबर होते, ओढाही होता. चिंच नव्हती.

औरंगाबादला शिकायला गेलो आणि वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली ‘स्थानपोथी’ हाती आली. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचा वास जिथं जिथं झाला, त्या जागांची ही चौदाव्या शतकातली नोंद. देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला, दार कुठल्या तोंडाचं, आवारात कोणत्या कोपऱ्यात काय, स्वामींचं आसन नेमकं कुठं, सगळं दिशा धरून सांगितलेलं. एकही रेघ न ओढता आवार डोळ्यांपुढं उभं राहतं. आजी रस्ता सांगायची तो याच रीतीनं.

कोलत्यांना (1908–1998) मराठी जग ओळखतं ते महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक, ‘लीळाचरित्रा’चे संपादक, 1967च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. मला ते नकाशांच्या इतिहासातलेही थोर वाटतात. भक्तांनी श्रद्धेनं जपलेल्या दिशा आणि कोपरे त्यांनी अभ्यासकाच्या काळजीनं आपल्या हाती दिले. पुढं अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 2003च्या ‘कनेक्टेड प्लेसेस’ या पुस्तकात महानुभावांची स्थानं, नद्या, कावडी आणि यात्रा यांच्या आधारे दाखवलं, की प्रदेश माणसांच्या मनात जोडला जातो तो असल्या येण्याजाण्यातून.

पण अशी स्थानं पुसलीही जातात. जायकवाडी धरणाच्या जलाशयात गावंच्या गावं गेली; त्याच धरणाचा डावा कालवा आमच्या जिल्ह्याचं रान भिजवतो. कालवा नकाशावर आला, बुडालेले पार आणि बारवा आठवणाऱ्यांसोबत चालल्या. आमच्याकडंही पांदी बुजताहेत, जुने वाडे पडताहेत. मोबाईलवर आता गाव दिसतं, रस्ताही दिसतो. पण कोणत्या पारावर कोण बसायचं, हे गावालाच लिहावं लागेल. गावोगावच्या शाळांनी भूगोलाच्या वहीत म्हाताऱ्यांना विचारून आपापली स्थानपोथी लिहून घ्यावी. कोलत्यांचं स्मरण करायचं तर मला याहून चांगली रीत सुचत नाही.