आधी मोज, मग हात लाव

दुसऱ्या वर्षाच्या व्हायवाला सरांनी विचारलं, "कपॅसिटर सप्लायपासून तोडला तर काय होतं?" मी छाती पुढं काढून सांगितलं, "सर, तो चार्ज धरून ठेवतो. डिस्चार्ज व्हायला वाट मिळेपर्यंत." सर खूश! बाहेर आल्यावर रूम पार्टनर म्हणाला, "लेका, चांगलंच पाठ केलं होतंस."

पाठच केलं होतं, मित्रांनो. कारण त्यानंतर पाचच आठवड्यांनी, लातुरात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर बसलेलो असताना मी हेच उत्तर साफ विसरलो. कमरेला दोर नसता तर हा लेख लिहायला मी उरलो असतो की नाही, देव जाणे.

माझे मामा लातूरला एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतात. आयटीआय केलेले, इंग्रजी बेताचं. पण कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून दुखणं ओळखणारा माणूस. परीक्षा संपली, मेसचं बिल भरलं, नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लाल डब्यानं लातूर गाठलं. घरी दोन दिवस झोपा काढल्यावर आई म्हणाली, "नुसता लोळू नकोस, मामासंगं जा. तू विजेचाच शिकायलास ना?" झालं! दुसऱ्या दिवसापासून मी मामांच्या मोटारसायकलवर मागं बसलो. मांडीवर प्रेशर पंप, खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि गळ्यात नायलॉनचा जाड दोर. तो दोर बघून मला हसू यायचं. म्हणलं, "मामा, विहिरीत उतरायचंय का?" मामा काही बोलले नाहीत.

आमच्या भागात एसीचं काम इतकं कसं, असं कुणाला वाटेल. मराठवाडा म्हणजे कूलरचा मुलूख. आमची हवा कोरडी, त्यामुळं कूलर इथं झकास चालतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतली साधारण २४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. पण त्यासाठी आधी पाणी पाहिजे! २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. त्या उन्हाळ्यात आमच्या घरचा कूलर नुसता पंख्यासारखा फिरला, कारण प्यायलाच पाणी नाही तिथं कूलरच्या टाकीत कोण ओतणार? एसीला पाणी लागत नाही. क्लासेस, अभ्यासिका, दवाखाने यांची एसीची कामं तेव्हापासून वाढली, असं मामा सांगतात.

पहिल्या आठवड्यात मामांनी मला कशालाच हात लावू दिला नाही. फक्त बघायचं आणि वहीत लिहायचं. मला राग यायचा. थर्मोडायनॅमिक्सला पंचाहत्तर मार्क घेतलेला मी, आणि काम काय? फिल्टर धुणं! पण त्या आठवड्यात मी जे शिकलो ते पुस्तकात कुणी इतकं सरळ सांगितलेलं नव्हतं.

दहातल्या सात तक्रारी एकच असायच्या. "गार होईना, गॅस संपला वाटतं." मामा हसायचे. "गॅस काय पेट्रोल हाय का, वापरला की संपायला?" खरंच आहे. आतला गॅस बंद नळीतून गोल फिरतो. आतल्या कॉइलमध्ये उकळतो आणि खोलीतली उष्णता घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होतो आणि ती उष्णता बाहेर टाकतो. तो कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

एका निवृत्त गुरुजींकडं गेलो. लागोपाठ तीन उन्हाळे कुणीतरी येऊन गॅस भरून गेलं होतं, तरी मे महिना आला की खोली तापायची. मामांनी आधी फिल्टर बघितला, ठीक होता. मग व्होल्टेज मोजलं, ठीक. क्लॅम्प मीटर लावला, तर करंट नेमप्लेटवरच्या आकड्यापेक्षा बराच जास्त. मामा म्हणाले, "लिही. गॅस कमी असला तर करंट कमी येतो. इथं जास्त हाय. म्हणजे बाहेरचा दम कोंडलाय." आउटडोअर युनिट उघडलं तर कंडेन्सरच्या मागच्या बाजूला धूळ आणि कबुतराच्या पिसांचा गालिचाच! सप्लाय तोडून, वायरिंग झाकून पंपानं धुतलं. पाण्याची धार फिनच्या सरळ रेषेत, तिरकी मारली की पातळ फिन वाकतात. वाळल्यावर पुन्हा चालू केला आणि आत जाणारी हवा व बाहेर येणारी हवा यांचं तापमान मोजलं. फरक अकरा अंश. साधारण आठ ते बारा अंश फरक म्हणजे तब्येत ठीक. गुरुजींनी गॅसचे पैसे काढून ठेवले होते, मामांनी फक्त सर्व्हिसिंगचे घेतले. गुरुजी म्हणाले, "पण नळीतून पाणी का ठिबकत नाही?" मामांनी समजावलं, "गुरुजी, ते पाणी हवेतल्या ओलाव्याचं असतंय. लातूरच्या मे महिन्यात ओलावा कुठून येणार? पावसाळ्यात बघा, बादली भरंल."

असं सगळं छान चाललं होतं. आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. एका अभ्यासिकेचा दीड टनाचा जुना एसी. आतला पंखा फिरतो, पण आउटडोअर नुसतं "हुंऽऽ" करतं आणि थोड्या वेळानं गप्प बसतं. लक्षणं ओळखीची. एक तर व्होल्टेज कमी, नाहीतर कपॅसिटर गेलेला. कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का मिळत नाही, तो करंट ओढत गुरगुरतो, तापतो आणि ओव्हरलोड त्याला बंद करतो. व्होल्टेज २२० होतं. म्हणजे कपॅसिटर! मी म्हणलं, "मामा, हे मी करतो." मामांनी एमसीबी पाडला, प्लग स्वतःच्या हातानं उपसून खिडकीत माझ्यासमोर ठेवला, माझ्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक आतल्या खिडकीच्या पक्क्या गजाला. मी कुरकुरलो. खाली पोरं बघत होती, त्यांच्यासमोर बैलासारखं बांधून घ्यायचं! मामा म्हणाले, "झाकण काढ. पर मी आल्याबगर आत हात घालू नकोस." आणि ते मालकाशी बोलायला वळले.

मी झाकण काढलं. कपॅसिटर दिसला, एक लग जळून काळा पडलेला. म्हणलं, थांबायचं कशाला? खबरदारी म्हणून टेस्टर लावला. एका टर्मिनलला लावला, पेटला नाही. दुसऱ्याला लावला, पेटला नाही. सप्लाय बंद, टेस्टर बंद... आता भीती कशाची? लग उपसायला दोन बोटं आणि अंगठा घातला.

पुढचं नीट आठवत नाही. हातोडा बसावा तसा झटका खांद्यापर्यंत गेला, हात आपोआप मागं आला आणि त्याबरोबर मीही. पाय छज्ज्यावरून सुटला. पोटात दोर करकचून आवळला आणि मी खिडकीखाली लोंबकळत राहिलो. खाली पोरांचा आरडाओरडा. मामांनी आणि मालकांनी मिळून मला आत ओढलं. मला वाटलं होतं, मामा थोबाडीत देतील. त्यांनी आधी माझा हात बघितला, पाणी दिलं, "छातीत दुखायलंय का? डोकं गरगरतंय का?" विचारलं आणि सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला. सगळं ठीक निघाल्यावर बाहेरच्या बाकड्यावर बसून मामा हळू आवाजात म्हणाले, "आक्काला मी काय तोंड दाखवलं असतं रे?" ती थोबाडीतच होती.

रात्री झोप येईना. वही काढली आणि जे पाठ केलं होतं ते पहिल्यांदा समजून घेतलं. कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडचा. चालू एसीत त्याच्यावर ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतात. अर्धा सी व्ही वर्ग म्हणजे चार ज्यूल. एरवी एसी बंद झाला की हा चार्ज कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगमधून जिरून जातो. म्हणून तर नऊ वेळा काही होत नाही आणि माणूस निर्ढावतो. पण इथं लग जळून सैल झाला होता. ठिणग्या उडत तो सुटला तेव्हाचा चार्ज आतच अडकला, जिरायला वाटच नव्हती. आणि टेस्टर? टेस्टर पेटतो तो फेजपासून आपल्या अंगातून जमिनीकडं थोडासा करंट गेल्यावर. सुटलेल्या कपॅसिटरचा जमिनीशी संबंधच नाही. त्याचे व्होल्ट त्याच्या दोन टर्मिनलांच्या मध्ये असतात. टेस्टरनं खोटं सांगितलं नव्हतं, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

सकाळी मामांना विचारलं, "तुम्ही कसा डिस्चार्ज करता?" ते म्हणाले, "पेचकस आडवा लावतो. फट्‌ करून वाजतं, झालं." मी म्हणलं, "मामा, हे पण बरोबर नाही. ठिणगी उडते, टर्मिनल जळतं, कपॅसिटरही खराब होऊ शकतो." बाजारातून २० किलोओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टर आणला, दोन इन्सुलेटेड क्लिपांना सोल्डर केला, वरून स्लीव्ह चढवली. टाइम कॉन्स्टंट एक सेकंद, पाच-सहा सेकंदांत काम फत्ते. दहा सेकंद धरायचा, मग दोन टर्मिनलांमध्ये मीटर लावून शून्य बघायचं, आणि मगच हात. मामांनी ते उलटसुलट करून बघितलं. म्हणाले, "इंजिनेर, आता पैसे वसूल झाले." आजही ते त्यांच्या पिशवीत आहे.

त्या उन्हाळ्यानंतर मामांचे नियम मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवले. एमसीबी पाडून भागत नाही, प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवायचा. इन्व्हर्टर एसी असेल तर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेवर डीसी व्होल्ट उरतात. कंपनीनं लिहिलेली मिनिटं थांबायचं आणि तरीही मोजायचं. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर तीन मिनिटं तरी पुन्हा चालू करायचा नाही, दोन्हीकडचे दाब सारखे होऊ द्यायचे. गळती शोधायला नायट्रोजन, तोही रेग्युलेटर लावून, आणि वर साबणाचा फेस. ऑक्सिजन कधीच नाही, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो.

आणि गॅसचा स्टिकर वाचल्याशिवाय पाना लावायचा नाही. जुना आर-२२ सहज पेटत नसे, पण तो ओझोनचा थर खातो. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो जगभर हळूहळू बंद होतोय. त्याच्या जागी आलेला आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. आर-२९० तर चक्क प्रोपेन, घरच्या सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊ! दोन्ही हवेपेक्षा जड, म्हणून कोंडलेल्या खोलीत खाली साचतात. तिथं काडी, बिडी, गॅसवर चालणारा टॉर्च काही नको. खिडक्या उघड्या हव्यात. एका गॅसच्या मशीनमध्ये दुसरा गॅस भरायचा नाही, मग कुणी कितीही स्वस्तात देवो.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या होस्टेलच्या रूमला कुठला आलाय एसी? बरोबर. आपल्याला पत्र्याचा कूलरच. पण ऐका. मागच्या मार्चमध्ये समोरच्या रूममधला मित्र म्हणाला, "कूलरला हात लागला की मुंग्या येतात." बाकीचे म्हणाले, "थोडंफार येतंच रे!" एरवी मीही हेच म्हणालो असतो. पण त्या दिवशी मीटर काढला. कूलरची बॉडी आणि जमीन यांच्यामध्ये ११८ व्होल्ट! सॉकेटची तिसरी पिन नुसती नावाला, आत अर्थिंगची वायरच सुटलेली. आणि आपली पोरं काय करतात? कूलर चालू ठेवून, ओल्या हातानं, अनवाणी, बादलीनं पाणी ओततात. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या रूम तपासल्या. पाच ठिकाणी अर्थिंग मेलेलं, तीन ठिकाणी टू-पिन टॉप. यादी करून रेक्टर सरांना दिली. सरांनी दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावला. अर्थिंग झालं, मजल्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसला.

बाकीचे मजले अजून राहिलेत. म्हणून विनंती एवढीच: कूलरमध्ये पाणी घालायच्या आधी बटण नाही, पिन काढा. मुंग्या येत असतील तर "थोडंफार येतंच" म्हणून सोडून देऊ नका. मीटर माझ्याकडं आहे, हाक मारा, मी येतो. चहा मात्र तुमचा!

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी