धर्माच्या गाईचे दात

दिल्ली आणि तिला चिकटलेली नोएडा, गाझियाबाद, गुडगाव, फरिदाबाद ही शहरे निवृत्तांचीही शहरे आहेत. सरकारी नोकरीपायी देशभरातून आलेली माणसे निवृत्तीनंतर बहुधा इथेच राहतात. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत मुलांना घालणारी मराठी मंडळीही त्यांतलीच. केंद्र सरकारच्या नोकरीत 1998 पासून साठी हे निवृत्तीचे वय आहे. त्यानंतरचा दिवस ठरलेला असतो. सकाळी बागेत फेऱ्या, मदर डेअरीच्या बूथवरून दूध, नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत पोचवणे, नोव्हेंबरात हयातीचा दाखला आणि अधूनमधून सीजीएचएसची डिस्पेन्सरी. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीची ही आरोग्य योजना 1954 साली दिल्लीतच सुरू झाली. रक्तदाब, साखर, थायरॉइड यांच्या गोळ्या तिथून महिन्याच्या किंवा त्याहून जास्त दिवसांच्या एकदम मिळतात, आणि घरोघरी त्यांचा साठा होत जातो.

साठा उरण्याची कारणे साधी असतात. डॉक्टर मात्रा बदलतात. एखाद्या गोळीने खोकला येतो म्हणून ती बंद होते. आजारी माणूस बरा होतो, किंवा बरा होत नाही. दुसऱ्या प्रसंगात मागे राहिलेल्या औषधांना घरातले कोणी बरेच दिवस हात लावत नाही. मग दिवाळीच्या आवराआवरीत ती पिशवी निघते आणि तिचे काय करायचे असा प्रश्न पडतो. फेकवत नाही, कारण पैसे मोजलेले असतात. ठेवून उपयोग नसतो. अशा वेळी ‘कोणा गरिबाला देऊन टाकू’ हे वाक्य फार सहज तोंडी येते.

ते वाक्य अक्षरशः मनावर घेणारा एक माणूस दिल्लीत निघाला. ओंकारनाथ शर्मा हे नोएडातल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. 19 ऑक्टोबर 2008 रोजी पूर्व दिल्लीत लक्ष्मीनगरजवळ मेट्रोच्या पुलाचे बांधकाम कोसळून दोघांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. औषधांअभावी जखमींचे झालेले हाल पाहून सत्तरी ओलांडलेल्या शर्मांनी घरोघरी जाऊन उरलेली औषधे मागायला सुरुवात केली. लहानपणीच्या अपघातापासून त्यांचे पाय वाकडे होते आणि चालणे कष्टाचे होते. अंगात भगवा कुडता, त्यावर फोन नंबर आणि त्यांच्या औषधपेढीचे नाव छापलेले. ज्येष्ठ नागरिकांच्या पासावर बसने वस्ती गाठायची आणि गल्लीत शिरून हाळी द्यायची. लोक त्यांना ‘मेडिसिन बाबा’ म्हणू लागले. गोळा झालेली औषधे मंगलापुरीतल्या त्यांच्या भाड्याच्या जागेत निवडली जात, नोंदली जात आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांना किंवा धर्मादाय संस्थांना फुकट दिली जात.

सरकारची जनऔषधी योजनाही त्याच वर्षी, 2008 च्या नोव्हेंबरात सुरू झाली. स्वस्त औषधांची दुकाने आणि उरलेल्या औषधांची झोळी एकाच हिवाळ्याच्या तोंडाशी निघावी, याला योगायोग म्हणता येईल. पण दोघांच्या मुळाशी असलेली अडचण एकच होती. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2013-14 साली देशातल्या आरोग्यखर्चातल्या दर शंभर रुपयांमागे 64 रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. 2021-22 पर्यंत हा आकडा 39 वर आला. तरीही एम्सच्या समोर रस्त्याकडेला मुक्काम करणाऱ्या कुटुंबाला तो खाली आलेला आकडा कितपत जाणवतो, हे त्या फुटपाथवरच विचारावे लागेल.

उरलेल्या औषधांच्या दानाला मराठीत एक म्हण फार जवळून लागू होते: धर्माची गाय आणि दात का नाही. फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, असेही तिचे एक रूप ऐकू येते. म्हण घेणाऱ्याला उद्देशून आहे. फुकट मिळाले ना, मग खोट काढू नकोस. देणाऱ्याला ती काहीच विचारत नाही, त्यामुळे ती देणाऱ्यांच्याच अंगणात जन्मली असावी असा संशय घेता येतो.

पण गाईचे दात मोजणे हा मुळात अपमान नव्हे, तो व्यवहार आहे, आणि बैलबाजारात त्याचे शास्त्र आहे. व्यापारी जनावराचा खालचा ओठ ओढून पाहतो. दुधाचे दात असतील तर ते आदत. साधारण दोन वर्षांच्या सुमारास पक्क्या दातांची पहिली जोडी आली की दुसा, मग चौसा, मग सहादाती. चार-पाच वर्षांचे झाले की आठही दात पक्के होतात आणि जनावर जुळले असे म्हणतात. बैलगाडा शर्यतींचे गटसुद्धा अजून या हिशेबाने पडतात. जुळल्यानंतर मात्र दात मोजून वय कळत नाही. मग ते किती झिजले ते पाहायचे, आणि तिथे अंदाज सुरू होतो. आणखी एक गोष्ट गोठ्याबाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसती कठीण गादी असते. म्हणजे वरचा ओठ उचलून पाहणाऱ्या अडाण्याला चांगली तरणी गायही बोळकी दिसेल. दात का नाही असे विचारणारा तो म्हणीतला इसम कदाचित चुकीच्या जागी पाहत होता, आणि त्याला हसणाऱ्यांनी त्याला खालचा जबडा दाखवायचे कष्ट घेतले नाहीत.

दात मोजण्याची एक जुनी आणि फार अडचणीची गोष्ट कठोपनिषदाच्या आरंभी आहे. वाजश्रवस सर्वस्व दान करणारा यज्ञ करतो आणि दक्षिणेत गाई देतो, पण त्या शेवटचे पाणी पिऊन झालेल्या, शेवटचे दूध देऊन झालेल्या, वेत संपलेल्या. हे कोणाच्या डोळ्यांत भरते? घेणाऱ्या ब्राह्मणांच्या नाही. देणाऱ्याच्या मुलाच्या, नचिकेताच्या. असल्या गाई देणारा कुठल्या लोकात जाईल, अशी चिंता त्याला पडते आणि तो बापाला विचारत सुटतो की मला कोणाला देणार. पुढचे यम, तीन वर आणि आत्मविद्या सर्वांना ठाऊक असते. दुर्लक्ष होते ते सुरुवातीच्या त्या भाकड गाईंकडे. त्या घेणाऱ्यांचे काय झाले, हे उपनिषद सांगत नाही. भाकड गाईला चारा लागतोच. दान घेतलेल्या घरावर तिचा भार किती वर्षे राहिला असेल?

असा भार आधुनिक काळात टनांत मोजला गेला आहे. 1988 च्या भूकंपानंतर आर्मेनियात जगभरातून सुमारे पाच हजार टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य येऊन पडले. नेमके काय आले आहे हे समजून घ्यायलाच पन्नास माणसांना सहा महिने लागले. काही औषधे मुदत संपलेली होती, काही थंडीने खराब झाली आणि राहिलेल्यांतली बरीचशी तिथल्या लोकांना सहज ओळखताच येत नव्हती. अशा अनुभवांतून जागतिक आरोग्य संघटनेने 1996 साली औषधदानाचे नियम केले. त्यांतला एक नियम दिल्लीच्या झोळीवर थेट येऊन आदळतो: रुग्णाला दिली गेलेली आणि त्याच्याकडून परत आलेली औषधे दान करू नयेत. नमुन्याच्या फुकट गोळ्याही नकोत. देशाच्या सीमा ओलांडणाऱ्या मदतीसाठी हे नियम आहेत. पण त्यांमागचा विचार सीमेवर थांबत नाही. श्रीमंत घरात जी गोळी घेण्याच्या लायकीची राहिली नाही, ती गरिबाच्या घरात लायकीची कशी ठरते?

औषधपेढीवाले याला उत्तर देतात की आम्ही दात मोजतो. मुदत संपलेले बाजूला काढतो आणि चिठ्ठीशिवाय देत नाही. उत्तर खरे आहे, तरी एका जागी ते अडते. आपल्याकडे केमिस्ट स्ट्रिप कापून देतो. दहाची स्ट्रिप असली तरी चार गोळ्या हव्यात तर चारच मिळतात, आणि गरिबाला ती मोठी सोय असते. पण बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बहुतेक स्ट्रिपवर एकाच टोकाला छापलेली असते. कापलेल्या तुकड्यांपैकी एकाला तारीख असते, दुसऱ्याला नसते. त्या दुसऱ्या तुकड्याचे काय करायचे? वरच्या जबड्यासारखे तिथे पाहण्यासारखे काहीच नसते. गोळी बहुधा चांगली असते, आणि ‘बहुधा’ या शब्दावर औषध देता येत नाही.

तारीख असली तरी तिने सगळे कळत नाही. पंचवीस किंवा तीस अंशांखाली ठेवा असे वेष्टनावर लिहिलेले असते, आणि मे-जूनमध्ये दिल्लीचा पारा पंचेचाळीसच्या आसपास घोटाळतो. गच्चीखालच्या खोलीतल्या कपाटात दोन उन्हाळे काढलेल्या गोळीची छापील मुदत शिल्लक असते, बाकीचे कोणी पाहिलेले नसते. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते. ते घरच्या फ्रिजमध्येच होते की वीज गेलेल्या दुपारी टेबलावर, हे देणाऱ्यालाही आठवत नाही.

पारडे लगेच उलटही झुकते. अमेरिकी लष्कराच्या साठ्यातली औषधे मुदतीनंतर किती टिकतात हे तपासण्याचा कार्यक्रम 1986 पासून चालू आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात 122 औषधांचे तीन हजारांवर लॉट तपासले होते. त्यांतले 88 टक्के मुदत संपल्यावर निदान वर्षभर तरी उत्तम राहिले, आणि सरासरी वाढ साडेपाच वर्षांची निघाली. अर्थात ते साठे मूळ वेष्टनात, नेमक्या तापमानात ठेवलेले होते. तरी ज्या ढिगाला मेडिसिन बाबांच्या मदतनीसांनी कचरा म्हणून बाजूला काढले, त्यातही पुष्कळ तरण्या गाई असू शकतील. बोळकी कोणती आणि तरणी कोणती हे प्रयोगशाळेशिवाय सांगता येत नाही. प्रयोगशाळेत तपासायचे तर फुकटची गोळी विकतच्या गोळीपेक्षा महाग पडते.

औषधांइतकीच निवृत्त माणसाच्या घरात उरणारी दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. दिल्लीतल्या आरोग्यसंस्था तोही घेतात, मात्र पारखून घेतात. कर्करोगातून बऱ्या झालेल्या हरमाला गुप्ता यांनी 1996 साली स्थापलेली कॅनसपोर्ट ही संस्था असाध्य अवस्थेतल्या रुग्णांच्या घरी डॉक्टर, नर्स आणि समुपदेशक यांची पथके पाठवते, तीही विनामूल्य. तिथे स्वयंसेवक व्हायचे तर आधी प्रशिक्षण घ्यावे लागते. काय बोलायचे यापेक्षा काय बोलायचे नाही हे त्यात जास्त असणार. आयुष्यभर फायलींवर शेरे मारलेल्या माणसाला मरणाऱ्याच्या खाटेशी शेरा न मारता बसणे जमेलच असे नाही. ज्याला करण्यासारखे काही उरले नाही असा एखादा इथे वेळ घालवायला येतो, आणि ज्याच्याकडे वेळ उरलेला नाही अशाच्या उशाशी बसतो. नचिकेताने हे पाहिले असते तर कोणाविषयी प्रश्न विचारला असता?

उलट बाजूही दुबळी नाही. नोकरीत असताना हाच माणूस संस्थेला रविवारचे दोन तास देऊ शकला असता, तेही मोबाइलकडे बघत. साठीनंतर तो सलग दुपार देतो, बसच्या उशिराने चिडत नाही, आणि दुखणे म्हणजे काय हे त्याच्या गुडघ्यांना आता स्वतःहून माहीत असते. जुळलेल्या बैलाला शेतकरी उगाच किंमत देत नाही. ओंकारनाथ शर्मांना रक्तपेढीतली नोकरी नसती तर औषधांच्या नोंदीची शिस्त कुठून आली असती? त्यांचे सगळे काम उरलेल्यावरच उभे होते. उरलेले आयुष्य, उरलेल्या गोळ्या, ज्येष्ठ म्हणून मिळालेला पास. त्याला वाजश्रवसाच्या गाईंच्या रांगेत उभे करायला मन घेत नाही. का घेत नाही, याचे कारण मात्र नीट सांगता येत नाही, कारण बाहेरून पाहता दोन्ही दाने सारखीच दिसतात. कदाचित फरक एवढाच असेल की वाजश्रवसाने घरातल्या गाई दिल्या आणि शर्मा लोकांच्या घरातल्या मागून आणत होते. पण दुसऱ्याच्या भाकड गाई गोळा करून वाटणे हे स्वतःच्या वाटण्याहून श्रेष्ठ आहे का, असे लगेच कोणी विचारील.

राहता राहिली ती औषधे जी कोणालाच देता येत नाहीत. 2016 च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. 2025 साली केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने त्यांच्या विल्हेवाटीचे मार्गदर्शन काढले आणि त्यात सतरा औषधांची यादी दिली. नको झालेली किंवा मुदत संपलेली ही औषधे कचऱ्यातही न टाकता संडासात ओतून पाणी सोडावे, म्हणजे ती चुकीच्या हाती पडणार नाहीत. बाकीच्यांसाठी राज्यांच्या औषध विभागांनी आणि केमिस्टांच्या संघटनांनी परत घेण्याची केंद्रे काढावीत असे सुचवले आहे. त्या सतरांत मॉर्फिन आहे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने ते इतके जखडले होते की वेदनेने तळमळणाऱ्या कर्करुग्णालाही ते मिळवून देणे जिकिरीचे होई, आणि 2014 च्या दुरुस्तीनंतर ती वाट थोडी मोकळी झाली. रुग्ण गेल्यावर घरात राहिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या बहुधा ताज्या असतात, मुदतीतल्या असतात, वर तारीख असते. कॅनसपोर्टसारख्या संस्थेच्या यादीत शेजारच्याच वस्तीत त्यांची गरज असलेला दुसरा रुग्ण असू शकतो. तरी एका घरातली उरलेली गोळी दुसऱ्या घरात देणे कायद्यात बसत नाही, आणि कायद्याचे कारणही खोटे नाही.