१०२ वर्षांच्या आजोबांना हरवायचंय? शिरूरला या!

काय बॉस, तिशी जवळ आली म्हणून टेन्शनमध्ये आहात? गुडघे कुरकुरतात, तिसऱ्या मजल्यावर जायलाही लिफ्ट लागते, आणि सायकलिंग वगैरे ‘कॉलेजातच जमायचं’ असं वाटतं? मग या वीकेंडला लोणावळा नको, महाबळेश्वर तर नकोच. तोंड फिरवा पूर्वेला आणि शिरूर–दौंड गाठा. सोबत एक सायकल, एक घड्याळ आणि एक आकडा हवा: २६.९२७.

हा आकडा रोबेर मार्शां या फ्रेंच आजोबांचा. जन्म १९११चा. तरुणपणी सायकल सोडली ती थेट सदुसष्ट-अडुसष्टच्या वयात पुन्हा हातात घेतली. २०१२मध्ये, शंभरी पार केल्यावर, स्वित्झर्लंडमधल्या ट्रॅकवर त्यांनी एका तासात २४ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापलं. शंभरी ओलांडलेल्यांसाठी तो विक्रम ठरला. दोन वर्षांनी, १०२व्या वर्षी, पॅरिसजवळच्या ट्रॅकवर त्यांनी स्वतःचाच विक्रम मोडला आणि २६.९२७ किलोमीटर केले. म्हणजे शिक्रापूरहून निघून तासाभरात जवळजवळ शिरूरला टेकायचं! २०१७मध्ये १०५व्या वर्षी पुन्हा ट्रॅकवर उतरले, तेव्हा २२.५४७ किलोमीटर झाले. २०२१मध्ये, १०९व्या वर्षी, ते गेले.

सपाटीचा फंडा

आता शिरूरच का? तर पुणेकरांना घाटांचं भारी कौतुक. सिंहगड चढलो, खंबाटकी मारला, झालं! पण घाटात उतारही असतो आणि उतारावर पाय फुकट विश्रांती घेतात. ट्रॅकवरच्या सायकलला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसतं. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. थांबणं नाही, गिअर बदलणं नाही, बघायला सीनरी नाही. लांब पल्ल्याच्या विक्रमात पायांइतकंच डोकंही थकतं ते याचमुळे. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ श्ट्रासरने २०१७मध्ये २४ तासांत ट्रॅकवर ९४१ किलोमीटर केले. पुण्याहून नागपूर गाठायचं आणि परतीच्या वाटेवर अमरावती ओलांडायची, एवढं अंतर त्याने गोल गोल फिरून कापलं.

शिरूरपासून न्हावरे, केडगाव-चौफुला, पाटस आणि दौंड हा पट्टा आपल्यासाठी त्या ट्रॅकच्या सगळ्यात जवळचा. घाट नाही. घोड नदी मागे टाकायची, पुढे भीमा ओलांडायची, मध्ये दोन्ही बाजूंना ऊस आणि काळी माती. उतार जवळपास नाहीच, त्यामुळे फुकटचा आराम नाही.

आणि वारा! पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो. पुण्याहून पूर्वेला जाताना आपण फुल टू हीरो, परतताना मात्र झीरो. उघड्या ट्रॅकवर हाच वारा प्रत्येक फेरीत अर्धा वेळ पाठीवर आणि अर्धा वेळ छातीवर असतो. शिरूर–दौंडचा रस्ता हा धडा एका दिवसात शिकवतो.

आपलीही माणसं आहेत

मार्शां लांबचे वाटतात? मग घरचं बघा. पुण्याच्या प्रीती मस्के, दोन मुलांची आई, चाळिशीत या वाटेला लागल्या. २०२२मध्ये, ४५व्या वर्षी, त्यांनी लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर अंतर एकटीने ५५ तास १३ मिनिटांत पार केलं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५मध्ये अमेरिकेतली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या टीमने ९ दिवसांच्या आत पूर्ण करून आले. दवाखाना सांभाळून, चाळिशीच्या आसपास! ‘वेळच मिळत नाही यार’ हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणून बघा.

शास्त्रही याच बाजूने आहे. वेरोनिक बिला या फ्रेंच संशोधिकेने मार्शांचा अभ्यास केला. १०१ ते १०३ या वयात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता १३ टक्के वाढली. वाढली, बरं का! गुपित काय? वर्षाला सुमारे ५,००० किलोमीटर. त्यातलं ८० टक्के आरामात आणि फक्त २० टक्के दमवणारं. आपण नेमकं उलटं करतो. सहा दिवस खुर्चीत, रविवारी जीव जाईस्तोवर, आणि सोमवारी आयोडेक्स. वय आडवं येतं हे खरंच, पण त्याआधी आपला रविवार आडवा येतो.

तर करून बघा

शिरूर सोडलं, न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलात की घड्याळ लावा. बरोबर एक तास. किती झाले? बावीस? मग तुम्ही १०५ वर्षांच्या आजोबांच्याही जरासे मागे आहात. सत्तावीस? शाब्बास! तुमच्या रस्त्यावर खड्डे आणि ट्रॅक्टर असतात, त्यांच्या ट्रॅकवर नव्हते, एवढी सूट घ्या. पण ते १०२चे होते, ही सूटही त्यांना द्या.

कसं जाल, काय पाहाल

पुणे–शिरूर साधारण ६७ किलोमीटर. शिक्रापूर आणि रांजणगाव एमआयडीसीचे ट्रक टाळायचे असतील तर पहाटेच निघा, नाहीतर सायकल गाडीवर टाकून शिरूरपर्यंत न्या. वाटेत रांजणगावच्या महागणपतीला हात जोडा. शिरूर ते दौंड न्हावरे-चौफुलामार्गे पंचाहत्तरच्या आसपास. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. हंगामात कुठलं गुऱ्हाळ चालू दिसलं तर गरम काकवी चाखल्याशिवाय हलू नका. कुठल्याही एनर्जी बारपेक्षा सही!

चौफुला ते पाटस हा सोलापूर हायवे, तिथे डावीकडची कड सोडू नका. गाळपाच्या दिवसांत उसाच्या जोडट्रॉल्यांपासून लांब राहा आणि अंधार पडायच्या आत दौंड गाठा. पाय शिल्लक असतील तर भीमेपलीकडे सिद्धटेक आहेच. परतीला पुण्याची रेल्वे. सायकल सामान म्हणून बुक करावी लागते, तेव्हा आधी पार्सल ऑफिसात चौकशी करा.

आणि आकडा कमी आला तर? लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा या. मार्शांनाही स्वतःचा विक्रम मोडायला दोन वर्षं लागली होती.