भिंती त्याच, वंदना नवी

नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावात तीन पिढ्यांपासून आडतीचा व्यवसाय करणारे एक वयोवृद्ध श्रावक पर्युषणाच्या दिवसांत मुलाकडे इंग्लंडला गेले होते. निघताना त्यांच्या मनावर एक ओझे होते. गावातील स्थानक ओस पडत चालले होते. एके काळी जेथे चातुर्मासात प्रवचनाला बसायला जागा मिळत नसे, तेथे आता जेमतेम सहा घरांची माणसे सामायिकाला येत. उरलेली कुटुंबे पुण्याला स्थायिक झाली होती. जागा भर पेठेतली. तेथे दुकानांचे गाळे काढण्यासाठी एका बांधकाम व्यावसायिकाने भरघोस रक्कम देऊ केली होती. विश्वस्तांपैकी निम्मे राजी होते, निम्मे नाराज. अखेरचा शब्द या वडीलधाऱ्यांचा होता आणि तोच त्यांना सुचत नव्हता.

लेस्टर शहरातील ऑक्सफर्ड स्ट्रीटवर मुलाने त्यांना जैन सेंटरच्या दारात आणले. समोर शुभ्र संगमरवरी, कोरीव दर्शनी भाग. क्षणभर राजस्थानातील एखाद्या जिनालयापुढे उभे असल्याचा भास व्हावा. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबूजी, हे पूर्वी चॅपल होते." पायरीवर ठेवलेले पाऊल तेथेच थांबले. "दुसऱ्यांच्या प्रार्थनेची जागा आपल्याला कशी चालते?" हा प्रश्न त्यांनी मुलाला विचारला खरा, परंतु त्यामागे गावचे स्थानक उभे होते.

ही वास्तू १८६० च्या दशकात उभी राहिली ती काँग्रिगेशनल पंथीयांचे चॅपल म्हणून. इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून वेगळे झालेले हे लोक. त्यांच्यावर बिशपची सत्ता नव्हती. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच पाही आणि आपला धर्मोपदेशक आपणच निवडी. या वेगळेपणाची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८२८ पर्यंत सरकारी पदांसाठी त्यांच्यावर कायद्याची आडकाठी होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांची दारे त्यांच्यासाठी पूर्णपणे उघडली ती १८७१ च्या कायद्याने. साहजिकच अशा पंथांतील अनेक कुटुंबे व्यापारात आणि उद्योगात शिरली. होजिअरी आणि पादत्राणांच्या कारखान्यांवर वाढलेले लेस्टर हे त्यांचे एक बळकट ठाणे होते. मद्यपानाविरुद्धची चळवळही येथे जोरात होती. पुढे जगभर सहली नेणारे टॉमस कुक यांनी ५ जुलै १८४१ रोजी आपली पहिली रेल्वे सहल याच शहरातून काढली, ती मद्यपानविरोधी सभेसाठीच. व्यापार, मंडळीची शिस्त आणि व्यसनमुक्ती ही त्रिसूत्री कोणत्याही जैन पेढीला अनोळखी वाटू नये.

त्यांच्या वास्तुरचनेतही हा स्वभाव उतरला होता. अशा चॅपलमध्ये मूर्ती नसे, वेदीचा थाटमाट नसे. मध्यभागी उपदेशकाचे उंच व्यासपीठ असे, कारण श्रवणाला सर्वाधिक मान होता. जास्तीत जास्त श्रोत्यांना उपदेशक दिसावा आणि ऐकू यावा म्हणून सभागृह एकसंध ठेवीत, वर सज्जे काढीत आणि उजेडासाठी उंच खिडक्या ठेवीत. हे समजल्यावर त्या श्रावकांच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटले. मूर्ती नाही, पाट मांडलेला, समोर श्रोते: हे तर स्थानकच! पंधराव्या शतकात अहमदाबादेत लोंकाशाहांनी ज्या साधेपणाचा आग्रह धरला, त्याच्याशी हे नाते त्यांना मनोमन जुळल्यासारखे वाटले.

मग वास्तू पालटली कशी? १९७२ हे वर्ष येथे महत्त्वाचे. त्या वर्षी इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन 'आमच्याकडे येऊ नका' असे सुचवले. तरीही माणसे आली. जमलेली दुकाने आणि घरे मागे टाकून आली. केनिया आणि टांझानियातून आलेल्यांचीही त्यांत भर पडली. त्याच वर्षी काँग्रिगेशनल चर्चचा बहुसंख्य भाग प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये विलीन होऊन नवे संयुक्त चर्च स्थापन झाले. एका समाजाचे प्रार्थनामंदिरांशी असलेले नाते बदलत होते, दुसरा समाज छप्पर शोधत होता. पुढील वर्षी लेस्टरमध्ये जैन समाजाची संघटना उभी राहिली, त्या दशकाच्या अखेरीस ही वास्तू तिच्या हाती आली आणि १९८८ मध्ये येथे प्रतिष्ठा झाली.

आत गेल्यावर श्रावक बराच वेळ बोलले नाहीत. भारतात घडवून आणलेल्या कोरीव दगडी स्तंभांमध्ये मूलनायक शांतिनाथ भगवान विराजमान होते. परंतु त्यांची नजर खिळली ती खिडक्यांवर. रंगीत काचांची चित्रे ही युरोपच्या चर्चमधील जुनी कला, आणि येथे त्याच काचांतून भगवान महावीरांचे जीवन प्रकाशत होते. प्रकाश त्याच आकाशातला, कथा मात्र त्रिशलामातेच्या पुत्राची. द्रव्य टिकते आणि पर्याय बदलतात, हे त्यांनी असंख्य प्रवचनांत ऐकले होते. येथे ते भिंतीवर दिसत होते.

आणखी एका गोष्टीने ते हेलावले. याच छपराखाली श्वेतांबर मंदिर आहे, दिगंबर मंदिर आहे, स्थानकवासी उपाश्रय आहे आणि श्रीमद् राजचंद्रांच्या नावाचे ज्ञानमंदिरही आहे. वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची आठवण कोणत्या महाराष्ट्रीय जैनाला होणार नाही? दोन पंथांचा तो वाद १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, १९८१ पासून मंदिराला कुलूप लागले आणि ते निघायला २०२३ उजाडले. जेथे जागा स्वतःची होती, तेथे दार बंद राहिले. जेथे जागा दुसऱ्यांची होती, तेथे सर्वांना आसन मिळाले.

त्या रात्री त्यांनी गावातील दुसऱ्या विश्वस्तांना फोन लावला. ते म्हणाले, "धर्म भिंतीत नसतो, हे खरे. पण भिंती कोणाच्या हाती द्यायच्या, हे आपल्या हातात असते. त्या चॅपलला गाळे पाडले असते, तर आज तेथे कोणाचेच डोके टेकले नसते." त्यांचा निर्णय साधा होता. जागा विकायची नाही. मोठे दालन गावातील सर्व समाजांच्या मुलामुलींना अभ्यासिकेसाठी खुले करायचे. मागची खोली विहारात येणाऱ्या साधू-साध्वींच्या मुक्कामासाठी राखायची. वास्तूत मांस-मद्य येणार नाही, एवढी एकच अट.

पलीकडून विचारणा झाली, "आणि गाळ्यांचे भाडे बुडते त्याचे काय?" आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेल्या त्या व्यापाऱ्याने क्षणभर विचार केला आणि शांतपणे उत्तर दिले, "ते नफ्याच्या बाजूला लिहा."